दुसरा ब्रेक आणि काळा करकोचा

२ मार्च

आज दातांच्या डॉक्टरीणबाई भर चौकात गाडीतून उतरल्या आणि चालत घरी गेल्या. जाताना खिडकीतून म्हणाल्या, "मी रोज माणसांचे दात उपटते, पण इतकं कुणावर ओरडत नाही." मी फक्त एवढंच म्हणालो होतो की गिअर म्हणजे काही किडलेली दाढ नव्हे, धरली आणि ओढली. आता हे जरा मोठ्याने म्हणालो असेन. रहदारीत हळू बोललेलं ऐकू येतं कुणाला?

संध्याकाळी लेकीने ऑफिसात बोलावून घेतलं. ऑफिस म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. ड्रायव्हिंग स्कूल मी काढलं, पण कारभार आता तिच्याकडे आहे. ती म्हणाली, "बाबा, या हंगामात बरेच जण मधेच सोडून गेलेत. उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत बघते. आणखी एक जण जरी तुमच्या ओरडण्याने गाडीतून उतरून गेला, तर त्या सीटवर मी बसेन. तुम्ही इथे टेबलावर बसून फोन घ्यायचे."

शिकणाऱ्याच्या शेजारची ती सीट, पायाशी दुसरा ब्रेक, आणि समोर काच. माझं सगळं आयुष्य तिथे गेलं. तिथून उठवलं तर मी कोण उरतो? टेबलावरचा म्हातारा.

जेवणं झाल्यावर बायकोने कपाटातून एक खोका काढून माझ्यापुढे ठेवला. आत दुर्बीण. म्हणाली, "सकाळी तळ्यावर जात जा. केमिस्टबाईंचा पक्षी बघणाऱ्यांचा गट आहे. सध्या बाहेरचे पक्षी परतीच्या वाटेवर असतात म्हणे. मी तुमचं नाव घातलंय."

"मला पक्ष्यांतलं काय कळतं?"

"तिथे बोलायला बंदी असते," ती म्हणाली.

५ मार्च

तळ्यावर पहिला दिवस. गटात केमिस्टबाई, निवृत्त पोस्टमास्तर आणि आणखी चार-पाच जण. केमिस्टबाईंचा नियम असा की प्रत्येकाने रोज वही लिहायची. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलेलं नाही, त्यामुळे मी सगळंच लिहितो.

धुकं होतं. पाण्यावर बदकांचा मोठा थवा उतरला होता. केमिस्टबाई कुजबुजल्या, "थापट्या. चोच बघा, पुढे रुंद. आणखी थोड्या दिवसांत उत्तरेला जातील." मी दुर्बीण लावली. आधी माझ्याच पापण्या दिसल्या, मग एकदम, हाताच्या अंतरावर असावं तसं, हिरव्या डोक्याचं एक बदक. पिवळा डोळा माझ्यावर रोखलेला. मी म्हणालो, "अरे, तो बघा!"

थापट्या उत्तरेला गेल्या. थोडे दिवस थांबायच्या होत्या, त्या लगेच गेल्या.

पोस्टमास्तरांनी दुर्बीण खाली घेऊन माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बेवारस पार्सल आहे. केमिस्टबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "काका, पुन्हा असं झालं तर तुम्हाला तळ्याच्या त्या टोकाला एकटं बसावं लागेल." म्हणजे इकडे लेक आणि तिकडे केमिस्टबाई. इकडे आड तिकडे विहीर.

घरी आलो तर गाडी अंगणात उभी, पण सीट पुढे सरकवलेली आणि आरसा खाली वाकवलेला. लेक माझ्यापेक्षा उंच. तिला सीट पुढे कशाला लागते कोण जाणे. तरुण मुलांना कसली म्हणून शिस्त नाही.

१० मार्च

पांढरा धोबी दिसला. शेपटी सारखी खालीवर. हा पक्षी एका जागी उभा राहून शेपटीने इंजिन चालू ठेवतो. लहान दिसतो, पण कुठून कुठे जातो ऐकून थक्क झालो. नकाशा नाही, खुणेचा दगड नाही, आणि चुकत नाही. आमचे शिकाऊ वळणाच्या आधी विचारतात, उजवं म्हणजे कुठलं.

आज एक गंमत झाली. आमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. नवा विद्यार्थी, बेकरीवाला, व्यवस्थित चालवत होता. मैदानाच्या कडेला हुदहुद उतरला. तुरा उघडा, पंख्यासारखा. माझा पाय आपोआप पडला. गाडी जागीच थांबली. बेकरीवाला घाबराघुबरा झाला, "सर, माझं काय चुकलं?"

आता खरं कसं सांगू? मी हळू आवाजात म्हणालो, "काही नाही. थांबायचा सराव." हळू म्हणालो कारण हुदहुद उडाला असता. बेकरीवाला इतका खूश झाला की जाताना म्हणाला, "सर, लोक तुमच्याबद्दल उगाच काहीबाही बोलतात."

१७ मार्च

माळभिंगऱ्या आल्या. तारेवर ओळीने बसल्या होत्या, मधेच एक उडायची, पाण्याला टेकून परत जागेवर. इंडिकेटर वगैरे काही नाही, पण एकमेकींना धक्काही नाही. मी बराच वेळ बघत बसलो. दुर्बीण खाली ठेवल्यावर लक्षात आलं की तासभर मी कुणाला काही बोललो नाही. जिभेला जरा अवघडल्यासारखं झालं होतं.

हल्ली हिचं काहीतरी बिनसलंय. जेवताना टेबलाखाली पाय हलवत असते. डावा दाबते, सावकाश सोडते, मग उजवा. विचारलं तर म्हणाली, पायाला मुंग्या येतात, व्यायाम आहे. परवा ताट पुसताना ते दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे फिरवत होती. मी म्हटलं, ताट पुसतेस की वाळवतेस? ती दचकली आणि ताट खाली ठेवलं. वयाने असं होतं. एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं.

२३ मार्च

आज मी स्वतः पक्षी ओळखला! तळ्याच्या कडेच्या चिखलात एक इवलासा पक्षी तुरुतुरु पळायचा, थांबायचा, पुन्हा पळायचा. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. मी केमिस्टबाईंच्या कानाशी जाऊन म्हणालो, "कंठेरी चिखल्या." त्यांनी नुसती मान हलवली. पोस्टमास्तरांना तो गारगोटी वाटला होता. मी त्यांना काही बोललो नाही, पण फार बरं वाटलं.

माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हेच खरं. इतकी वर्षं आरशात बघून लोकांच्या चुका पकडल्या, त्याचा हा फायदा. चिखल्याच्या डोळ्याचं कडं मला पन्नास पावलांवरून दिसतं.

दुपारी ही आणि मी बाजारातून चालत येत होतो. एक गाडी न सांगता वळली. ही फणकारली, "इंडिकेटर द्यायला काय हात मोडलाय का मेल्याचा? आणि दुसऱ्या गिअरात वळवतात का असं?" मी बघतच राहिलो. ड्रायव्हिंग मास्तराच्या संसारात राहून एवढं कानावर पडणारच. बाकी गाडी हिच्या हाडात नाही. लग्नानंतर मी एकदा शिकवायला बसवलं होतं. दुसऱ्याच वळणावर उतरली आणि सरळ घरी चालत गेली. काहींना जमत नाही, त्याला कुणाचा इलाज?

२४ मार्च

जोराचा वारा. कोणी नाही. एक पांढरा बगळा दिसला, जवळ गेल्यावर ती प्लास्टिकची पिशवी निघाली. पोस्टमास्तरांना सांगितलेलं नाही.

३० मार्च

घरात आज सुतक असल्यासारखं वातावरण. ही सकाळी लेकीबरोबर कुठेतरी गेली होती. आली तेव्हा डोळे लाल. लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला बघून दोघी गप्प. मला वाटतं स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय, त्याचंच. मी बादली लावून ठेवली आणि म्हटलं, एवढं काय मनाला लावून घेतेस, उद्या प्लंबरला बोलावू. त्यावर दोघी हसल्या.

संध्याकाळी मी दुर्बिणीच्या काचा पुसत होतो. ही समोर बसली. "अहो, चढावर थांबलेली गाडी मागे का येते?"

"तुला कशाला?"

"आपलं सहज. एवढी वर्षं तुमच्याकडून ऐकतेय, पण कळलं कधीच नाही."

मला काय आनंद झाला! धंद्यातला प्रश्न हिने पहिल्यांदा विचारला. मी खुर्ची शेजारी घेतली, जमिनीवर पाय ठेवून दाखवलं. हँडब्रेक धर. क्लच सावकाश सोड. इंजिनाचा आवाज खाली बसला, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं, की क्लच धरला समज. तिथेच थांब. मग थोडं रेस, आणि मगच हँडब्रेक सोड. घाई केली की गाडी बंद पडते, भीती वाटली की मागे जाते.

"भीती वाटली तर?" तिने विचारलं.

"आवाज ऐकायचा. मागच्याचा हॉर्न नाही, आपल्या इंजिनाचा. बाकी जगाला म्हणावं थांब."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं, अगदी हळू. हल्ली घरातही माझा आवाज तळ्यावरच्यासारखा निघतो. ती माझ्या पायांकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही किती छान समजावता हो." आणि डोळे पुसत आत गेली. नळाचं तिने फारच मनाला लावून घेतलंय.

६ एप्रिल

आज सगळंच चांगलं. हळद्या दिसला, ऐन पानांच्या गर्दीत पिवळाधमक. आणि दातांच्या डॉक्टरीणबाई परत आल्या! म्हणाल्या, "बेकरीवाले म्हणाले तुम्ही बदललात." मी कुठे बदललो? शिकणारेच सुधारलेत. पूर्वी इतकी चांगली मुलं येतच नव्हती. लेकही हसून बोलते. सीट वाचली असं वाटतंय, पण उन्हाळी सुट्टी अजून लागलेली नाही.

घरी गोडाचं जेवण होतं. का, तर म्हणे सहज. ही गुणगुणत होती, लेक तिला डोळा मारत होती. मी म्हटलं, नळ दुरुस्त झाल्याचा एवढा आनंद?

केमिस्टबाईंनी आज काळ्या करकोच्याचं सांगितलं. मोठा पक्षी, अंग काळं, पोट पांढरं, चोच आणि पाय लाल. एखाद्या वर्षी या दिवसांत आमच्या खिंडीवरून जातो, एखाद्या वर्षी नाही. दुकानात त्यांचा एक फळा आहे, कोणी काय पाहिलं ते त्यावर नावासकट लिहितात. काळ्या करकोच्यापुढे गेली कित्येक वर्षं कुणाचं नाव नाही. त्या सांगत होत्या आणि मला लहान मुलासारखं वाटायला लागलं. मला तो बघायचाय. बस्स.

११ एप्रिल

चिखलात पाय घसरला. डावा घोटा सुजून भोपळा. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर क्लच दाबायचा नाही. शेजारच्या सीटवर बसायला हरकत नाही, पण गाडी चालवायची नाही. पोस्टमास्तरांनी मला खांद्याचा आधार देऊन घरापर्यंत आणलं. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

१३ एप्रिल

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवायचंय.

सकाळी केमिस्टबाईंचा फोन. दुकान बंद करून त्या खिंडीपलीकडे पोचल्या होत्या. "काका, काळा करकोचा! दलदलीत उतरलाय. ऊन तापलं की हवेवर चढून निघून जाईल. लवकर या." लेक एका विद्यार्थ्याला घेऊन, त्याच्याच गाडीतून, लायसन्सच्या परीक्षेला गेलेली. ओळखीचे सगळे आधीच तिकडे. मी एका पायावर अंगणात उभा, आणि समोर माझीच गाडी नुसती उभी. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

ही बाहेर आली. पायात सपाट बूट, हातात किल्ली. "चला."

"कोण नेणार?"

तिने पर्समधून लायसन्स काढून माझ्या हातावर ठेवलं. नवं कोरं. मी ते उलटसुलट बघितलं आणि तोंडातून निघालं, "फोटो चांगला आलाय."

"दुसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्या खेपेला चढावर गाडी मागे आली."

"शिकलीस कधी?"

"तुम्ही बदकं बघत होतात तेव्हा. लेकीने शिकवलं."

पुढे सरकलेली सीट, वाकवलेला आरसा, टेबलाखालचे पाय, ताट, नळ. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं याच वहीत लिहिलंय. ते खोडत नाही, राहू दे तसंच.

गाडीत बसताना ती म्हणाली, "एकच अट. त्या दुसऱ्या ब्रेकला पाय लावायचा नाही. आणि ओरडलात, तर मी जिथे असेन तिथे उतरेन. लेकीच्या रजिस्टरात माझंही नाव आहे, लक्षात ठेवा." म्हणजे मी ओरडलो आणि ही उतरली, तर माझी सीट गेली. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

ती बरी चालवत होती. खरं सांगायचं तर चांगली चालवत होती. वळणावर जरा उशिरा आरसा बघायची, पण बघायची. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

खिंडीच्या ऐन चढावर रांग थांबली. पुढे कसलातरी ट्रॅक्टर अडकला होता. मागे मालाचा ट्रक येऊन अगदी टेकला. आरशात त्याचं नुसतं तोंड दिसत होतं. हिने हँडब्रेक ओढला. तिच्या ओठावर घाम आला होता. रांग हलली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, लांबलचक.

आणि तेवढ्यात बॉनेटवरून एक सावली सरकली.

रुंद, संथ, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली. घार नाही, बगळा नाही. मला क्षणात कळलं. खिडकीतून डोकं काढायचा अवकाश होता. "थांब" म्हणायचा अवकाश होता. पायाशी ब्रेक होता, आणि माझा उजवा पाय धडधाकट होता.

हिचा डावा पाय क्लचवरून सावकाश वर येत होता. मी हललो असतो तर तिने माझ्याकडे बघितलं असतं. मी पाय ओढून सीटखाली घेतला आणि तिच्या पायाकडे बघत राहिलो. इंजिनाचा आवाज खाली बसला. बॉनेट किंचित उचललं. ट्रक हॉर्न देतच होता. ती थांबली, थोडं रेस दिलं, हँडब्रेक सोडला. गाडी थरथरली आणि वर निघाली. एक बोटभरही मागे गेली नाही.

माथ्यावर पोचल्यावर मी बाहेर डोकावलो. नुसतं निळं आभाळ.

ही म्हणाली, "मघाशी वरून ते काय गेलं हो?"

"कसं होतं?"

"मोठं. काळं, पण पोटाशी पांढरं. मान पुढे ताणलेली आणि पाय मागे. लाल पाय. चोचही लाल. काय देखणं होतं!"

"तू चढावर वर बघितलंस?" माझा आवाज चढायला लागला होता, तो मी आवंढ्याबरोबर गिळला.

"गाडी निघाल्यावर बघितलं. आधी नाही. आधी मी आवाज ऐकत होते."

दलदलीपाशी सगळे दुर्बिणी आवरत होते. करकोचा आत्ताच उडाला, खिंडीकडे. हिने सगळं वर्णन करून सांगितलं. केमिस्टबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "काकू, आम्ही तर तो गवतात अर्धामुर्धा पाहिला. डोक्यावरून उडताना पाहणाऱ्या तुम्हीच. फळ्यावर पहिलं नाव तुमचं!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि काका, तुम्ही तर शेजारीच होतात. तुम्ही काय बघत होतात?"

"क्लच," मी म्हणालो.

जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? जिला साळुंकी आणि कावळ्यातला फरक परवापर्यंत माहीत नव्हता, तिच्या नशिबी काळा करकोचा. पण परतीच्या वाटेवर उतारावर तिने न सांगता खालचा गिअर टाकला, तेव्हा माझा जळफळाट कुठे गेला ते कळलं नाही.

आमच्या गल्लीत गेटातून गाडी उलटी आत घ्यावी लागते. एकीकडे शेजाऱ्यांची भिंत, दुसरीकडे दिव्याचा खांब. त्या खांबाला लेकीच्या हातून ओरखडे आहेत, माझ्याही. मी गेटापाशी उतरून लंगडत बाजूला उभा राहिलो. हिने मान मागे वळवली आणि एका दमात, कुठेही न थांबता, गाडी सरळ आत नेली.

आणि मी ओरडलो. महिनाभर साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "शाब्बास! वा! याला म्हणतात गाडी!" समोरच्या खिडक्या उघडल्या. शेजारचे गृहस्थ तोंडाला साबण लावलेले तसेच बाहेर आले. लेक परीक्षेहून आलेली होती, ती ऑफिसातून धावत सुटली. तिला शब्द कळलेच नव्हते, नुसता आवाज कळला होता.

"बाबा! शेवटी ओरडलातच ना? तेही आईवर?"

मी मान खाली घातली. ओरडलो तर होतोच.

ही अजून स्टिअरिंगवरच होती. तोंड लालेलाल झालेलं. काच खाली करून लेकीला म्हणाली, "ओरडले. पण मी उतरलेय का? नाही ना? मग जा तू तुझं काम कर. असं माझ्यावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं."

मग तिने माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या आधी एकदा बघितलं होतं तसं. म्हणाली, "अहो, बाजूला व्हा जरा. अजून एकदा घेते आत."

गाडी गेटाबाहेर निघाली. मी दुखरा पाय विसरून नीट उभा राहिलो आणि घसा साफ केला.